चांचेगिरी, देहान्तदंड आणि दस्तक

[१] प्रश्नाचें स्वरूप

मराठ्यांच्या आरमाराविषयीं लिहिणाऱ्यांचे आपल्याकडे दोन वर्ग दिसतात. इंग्रजी कागदांत 'पायरेट' हा शब्द आढळला कीं त्याचें 'चांचा' असें भाषांतर करून पहिला वर्ग आंग्रे, मालवणकर व वाडीकर सावंत ह्या सर्वांस एकाच पंक्तीस बसवितो. ह्याचा राग येऊन दुसरा वर्ग किनाऱ्यावरील प्रत्येक लुटीस स्वराज्यकार्याचें नांव देतो. आमच्या मतें दोघांच्याहि हातून एकच प्रमाद घडतो. 'खलाशी' किंवा 'नाखवा' हे शब्द मनुष्याचा धंदा सांगतात. 'चांचा' हा शब्द त्याच्यावर ठरलेला अपराध सांगतो. म्हणजे हा शब्द वर्णनाचा नसून निर्णयाचा आहे. आणि निर्णय म्हटला कीं तो कोणी दिला, कोणत्या प्रमाणावर दिला व त्याचा दंड काय, हे तीन प्रश्न विचारलेच पाहिजेत.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं इंग्रजी कायद्याप्रमाणें चांचेगिरीचा दंड एकच होता, तो म्हणजे फांशी. त्याच काळीं मालवण व वेंगुर्लें येथील सशस्त्र गलबतांस मुंबईकर इंग्रज उघडपणें चांचे म्हणत असत. असें असतां कोंकणकिनाऱ्यावरील हें प्रकरण शेवटीं मिटलें तें न्यायासनापुढें नव्हे, तर इ. स. १८१२ च्या ऑक्टोबरांत झालेल्या दोन तहांनीं. ज्यांस दंड देहान्ताचा, त्यांच्या धन्यांशीं तह कां झाला, हें उलगडून दाखविणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

आम्ही राहतों तें जळकोट गांव नळदुर्गाजवळचें. त्याच्या नांवांत 'जळ' आहे आणि 'कोट'हि आहे, परंतु समुद्र तेथून शंभर कोसांच्या आसपास. तथापि हा प्रश्न घाटावरील वाचकासहि परका वाटूं नये. ह्याच वर्षांत पेंढाऱ्यांनीं निजामाचे व पेशव्यांचे मुलूख लुटले होते. पुढें काय झालें तें सर्वांस ठाऊक आहे. त्यांचा पाठीराखा पठाण सरदार अमीरखान ह्याच्याशीं नोव्हेंबर १८१७ मध्यें तह होऊन तो टोंकचा नबाब झाला. करीमखान पेंढारी १८१८ त शरण आला, त्यास गोरखपुराकडे जमीन मिळाली. आणि चित्तू रानोमाळ पळत असतां वाघाच्या तोंडीं पडला. तिघांच्या कर्मांत फारसा भेद नव्हता; भेद होता तो तह करण्याजोगें स्थान असण्यानसण्याचा. जमिनीवर जें घडलें तेंच समुद्रावर अधिक स्पष्टपणें घडलें.

[२] इंग्रजी कायदा व फांसावरील कागद

इंग्रजी कायद्यांत चांचेगिरी म्हणजे दर्यावरील दरवडा. प्राचीन काळीं हा अपराध दर्यासारंगाच्या, म्हणजे ॲडमिरलच्या न्यायसभेंत चाले. तेथील रीत रोमन धर्तीची असल्यामुळें आरोपीचा कबुलीजबाब किंवा प्रत्यक्ष पाहणारे साक्षी ह्यांवांचून देहान्तदंड देतां येत नसे. आणि भर समुद्रांत जहाज लुटून त्यावरील माणसें मारून टाकिल्यावर साक्षी उरणार कोठून? म्हणून आठव्या हेन्रीच्या कारकीर्दींत १५३६ सालीं कायदा होऊन हे खटले पंचांच्या साहाय्यानें साध्या देशी कायद्याच्या रीतीनें चालावे असें ठरलें. सतराव्या शतकाच्या अगदीं अखेरीस आणखी एक कायदा झाला व परमुलखांतील वसाहतींतूनहि खास आयुक्त नेमून हे खटले चालविण्याची सोय झाली. लंडनास टेम्स नदीच्या कांठीं वॅपिंग येथें ह्या अपराध्यांसाठीं स्वतंत्र वधस्थान होतें. फांशी गेलेल्याचें प्रेत भरतीचें पाणी तीन वेळां त्यावरून जाईपर्यंत तसेंच ठेवण्याची तेथें चाल होती; कारण त्याचा अपराध समुद्राच्या हद्दींतला, आणि भरतीची रेषा हीच त्या हद्दीची खूण.

परंतु ह्या कठोर कायद्यास एक दार होतें. समुद्रावर दुसऱ्याचें जहाज बळानें घेणाऱ्याजवळ जर एखाद्या राजसत्तेची सनद असेल, तर तो चांचा नव्हे. त्यानें शत्रूचें जहाज घेतलें तर ती लूट न ठरतां युद्धांतील कमाई ठरे. आणि तो पकडला गेला तर फांशी न जातां युद्धकैदी होई. रॉबर्ट सुर्कूफ ह्या फ्रेंच कप्तानानें ऑक्टोबर १८०० मध्यें बंगालच्या उपसागरांत इंग्रज कंपनीचें 'केंट' हें मोठें जहाज चढून जाऊन घेतलें. इंग्रजांनीं त्याच्या नांवानें बोटें मोडलीं, तरी फ्रेंच सरकारचा कागद जवळ असल्यामुळें कायद्यानें त्यास चांचा म्हणतां येईना.

उलट कागदावांचून काय होतें ह्याचें प्रसिद्ध उदाहरण आपल्याच समुद्रांतलें आहे. कप्तान विल्यम किड ह्यानें जानेवारी १६९८ मध्यें मलबार किनाऱ्याजवळ 'केदाह मर्चंट' नांवाचें मालानें भरलेलें जहाज धरलें. त्यावर सुरतेच्या व्यापाराचा माल होता आणि त्यामुळें मोंगल दरबारीं इंग्रजांस जाब द्यावा लागला. किडचें म्हणणें असें कीं, त्या जहाजावर फ्रेंचांचा परवाना होता, फ्रेंच हे त्या वेळीं इंग्रजांचे शत्रु, आणि शत्रूचीं जहाजें धरण्याची सनद आपणांस इंग्लंडच्या राजाकडूनच मिळालेली. तेव्हां हा दरवडा नव्हे. हा फ्रेंच परवाना त्याच्या खटल्याच्या वेळीं पुढें आला नाहीं. मे १७०१ मध्यें किड वॅपिंग येथें फांशी गेला. विसाव्या शतकाच्या आरंभीं ते परवाने लंडनच्या सरकारी दप्तरांत सांपडले. ते पुढें आले असते तर तो सुटलाच असता असें आम्ही म्हणत नाहीं, कारण त्याच्यावर स्वतःच्या तोफखान्यावरील माणसाच्या खुनाचाहि आरोप शाबीत झाला होता. परंतु एका कागदावर केवढा भार असे तें ह्यावरून कळतें.

वॅपिंग येथील शेवटची फांशी डिसेंबर १८३० ची. टास्मानिया बेटांत काळ्या पाण्याच्या कैद्यांस नेणारें 'सायप्रस' नांवाचें गलबत कैद्यांनींच १८२९ सालीं बळकाविलें व ते जपान-चीनपर्यंत भटकत गेले. त्यांपैकीं डेव्हिस व वॉट्स हे दोघे चांचेगिरीच्या आरोपावर तेथें लटकविले गेले. ज्यांच्यामागें कोणताहि दरबार नाहीं, कोणताहि कागद नाहीं, अशांच्या वांट्यास कायद्याचा पूर्ण दंड आला, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

[३] आपल्या शास्त्रांतील विचार

येथें आपल्या धर्मशास्त्राकडे वळून पाहणें अप्रस्तुत होणार नाहीं. मनूनें स्तेय व साहस ह्यांत भेद केला आहे. धन्याच्या समक्ष बळजबरीनें केलेलें कृत्य तें साहस. त्याच्या पाठीमागें लपून केलेलें तें स्तेय. ह्या व्याख्येनें दर्यावरील दरवडा हा स्तेय नसून साहस ठरतो. नारदानें साहसाचे प्रथम, मध्यम व उत्तम असे तीन प्रकार करून उत्तम साहसास वध, सर्वस्वहरण, हद्दपारी, अंकन व अंगच्छेद हे दंड सांगितले आहेत. म्हणजे प्राण व धन ह्या दोहोंचीहि हानि हा दंड आपल्याकडेहि अपरिचित नव्हता.

परंतु समुद्राविषयीं विशेष विचार आढळतो तो कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत. नावध्यक्षाच्या प्रकरणांत लूटमार करणाऱ्या नौकांस 'हिंस्रिका' असें नांव दिलें असून त्यांचा नाश करावा असें म्हटलें आहे. त्याच आज्ञेंत शत्रूच्या मुलखाकडे जाणाऱ्या नौका व बंदराचे नियम मोडणाऱ्या नौका ह्यांसहि तोच दंड सांगितला आहे. ह्यांत दोन गोष्टी ध्यानांत घेण्याजोग्या आहेत. पहिली ही कीं, येथें दंड नौकेस आहे. माणसाच्या अपराधाची स्वतंत्र चौकशी येथें नाहीं. दुसरी ही कीं, लुटारू, शत्रूकडे जाणारा व बंदराचा नियम मोडणारा हे तिघेहि एकाच ओळींत बसविले आहेत. म्हणजे ज्याचें बंदर त्याचा नियम, आणि नियम मोडील तो हिंस्र, असा हा व्यवहार आहे. त्याबरोबरच वादळानें वाट चुकून आलेल्या नौकेवर बापाप्रमाणें अनुग्रह करावा व भिजलेल्या मालाची जकात निम्मी घ्यावी किंवा मुळींच घेऊं नये, असेंहि त्याच प्रकरणांत सांगितलें आहे. हा मुद्दा पुढें १८१२ च्या तहाचा विचार करितांना पुन्हा येईल.

[४] कौल, दस्तक आणि कार्ताझ

पश्चिम समुद्रावर सनदेची रीत प्रथम पोर्तुगीजांनीं बळानें चालू केली. त्यांचा 'कार्ताझ' जवळ नसलेलें गलबत ते धरीत. सोळाव्या शतकांत गुजराथच्या व दक्षिणेच्या व्यापाऱ्यांस हा जांच सोसावा लागला. आणि पोर्तुगीजांस इंग्रजी ग्रंथांत केवळ त्या कारणासाठीं सहसा चांचे म्हटलेलें आढळत नाहीं. पुढें मराठ्यांचें आरमार उभें राहिल्यावर कान्होजी आंग्रे सरखेल ह्यांनीं तीच रीत आपल्या किनाऱ्यावर चालविली. आंग्र्यांचें दस्तक घेतलेलें गलबत सुखरूप जाई. न घेतलेलें धरलें जाई. इंग्रजांचें म्हणणें असें कीं, कंपनीच्या जहाजांस व कंपनीचा परवाना घेतलेल्या देशी व्यापाऱ्यांच्या गलबतांस दुसऱ्याच्या दस्तकाची गरज नाहीं. आंग्र्यांचें म्हणणें असें कीं, ह्या किनाऱ्याचे धनी आम्ही, कंपनी ही व्यापारी. तिचा परवाना आम्हांवर बंधनकारक कसा? वादाचें मूळ हें आहे. त्यास 'चांचेगिरी' असें एक नांव दिलें कीं वाद दिसेनासा होतो.

आमच्या आरमारासहि नियम होते, हें आज्ञापत्रावरून स्पष्ट होतें. करवीरकर संभाजी छत्रपतींच्या कारकीर्दींत १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनीं लिहिलेला म्हणून प्रसिद्ध असलेला हा ग्रंथ आरमारास राज्याचें स्वतंत्र अंग म्हणतो. कौल घेतलेल्या सावकाराच्या तरांड्यास आरमारकऱ्यांनीं उपद्रव देऊं नये, आणि शत्रूकडील नसलेल्या परकी व्यापाऱ्यास अभय देऊन बंदरांत येण्याजाण्यास उत्तेजन द्यावें, असा त्यांतील उपदेशाचा आशय आहे. ज्या करवीर राज्यांत हा उपदेश लिहिला गेला, त्याच राज्याच्या मालवणच्या गलबतांवर पुढील शतकभर चांचेगिरीचा आरोप व्हावा, ह्यांत विचार करण्यासारखें पुष्कळ आहे. नियम लिहिलेला होता, हें जितकें खरें, तितकेंच तो नेहमीं पाळला गेला नाहीं हेंहि खरें. मुंबईहून मलबाराकडे जाणाऱ्या गलबतांवरील तांडेल व खलाशी हे बहुतेक ह्याच किनाऱ्यावरील गरीब लोक. त्यांचा माल व जीव गेला तेव्हां धरणाऱ्याच्या निशाणाचा रंग कोणता होता ह्यानें त्यांच्या घरच्या माणसांचें समाधान झालें नसेल.

हे वाद दरबारांच्या पातळीवर कसे मिटत, ह्याचीं दोन उदाहरणें देतों. एप्रिल १७८३ मध्यें पेशव्यांचे आरमारप्रमुख आनंदराव धुळप ह्यांच्या गलबतांनीं विजयदुर्गाजवळ इंग्रजांचें 'रेंजर' हें जहाज लढून घेतलें. सालबाईचा तह नुकताच पुरा झाला होता. लढाईंत इंग्रजांचे मोठे अंमलदार घायाळ झाले, त्यांपैकीं कर्नल हंबरस्टन पुढें जखमांनीं वारला. हेंच कृत्य बिनसनदी माणसानें केलें असतें तर त्यास फांस चुकता ना. परंतु धुळप पेशव्यांचे नोकर, म्हणून तक्रार पुण्यास गेली व जहाज आणि कैदी परत मिळून प्रकरण मिटलें. दुसरें उदाहरण तुळाजी आंग्र्याचें. १७५६ त पेशवे व इंग्रज ह्यांनीं मिळून विजयदुर्ग घेतला तेव्हां इंग्रजांनीं त्यास चांच्यांचा राजा म्हणून जगभर प्रसिद्ध केलें. पण तो पेशव्यांच्या हातीं लागला, आणि पेशव्यांच्या दृष्टीनें तो चांचा नसून बेदिल सरदार होता. म्हणून त्यास देहान्तदंड न होतां त्याचें उरलेलें आयुष्य किल्ल्यांवरील बंदींत गेलें.

[५] मालवण व वेंगुर्लें, १७६५ ते १८१२

आतां मुख्य प्रकरण. आंग्र्यांची सत्ता मोडल्यावर मुंबईच्या दक्षिणेस इतरांबरोबर ह्या दोन सत्तांचींहि सशस्त्र गलबतें समुद्रावर उरलीं: सिंधुदुर्गाच्या आश्रयानें करवीरकरांचीं, आणि वेंगुर्लें व रेडीच्या आश्रयानें वाडीकर सावंतांचीं. जानेवारी १७६५ त मुंबईहून मेजर गॉर्डन व कप्तान वॉट्सन ह्यांची मोहीम निघाली व तिनें सिंधुदुर्ग आणि रेडीचा यशवंतगड हे दोन्ही घेतले. शिवछत्रपतींनीं बांधविलेल्या सिंधुदुर्गास 'फोर्ट ऑगस्टस' असें नांव देण्यांत आलें. परंतु किल्ला राखण्याचा खर्च परवडेना व तो पाडणेंहि अवघड, म्हणून लौकरच करवीरच्या जिजाबाईंशीं बोलणें होऊन सुमारें पावणेचार लक्ष रुपये, पुढील वर्तनाची हमी व मालवणास वखार घालण्याची परवानगी इतक्यावर तो परत दिला गेला. वाडीकरांशींहि असाच करार होऊन वेंगुर्लें तेरा वर्षांच्या मुदतीनें गहाण पडलें. पुढें १७९२ त करवीरकरांवर पुन्हा मोहिमेची तयारी झाली व पुन्हा तहच झाला. नुकसानभरपाई कबूल करून मालवण व कोल्हापूर येथें वखारींस परवानगी देण्यांत आली.

हमी, दंड व वखार ह्यांनीं काम भागलें नाहीं, कारण कारण तसेंच राहिलें. किनाऱ्याची जमीन खडकाळ व वसूल थोडा. करवीरकर व वाडीकर ह्यांचें आपसांतील वैर दीर्घकाळ चालू. फौजेचा व आरमाराचा खर्च भागविण्यास धरलेल्या गलबतांवांचून दुसरा मार्ग नाहीं. ज्यास पगार वेळेवर मिळत नाहीं असा आरमारकरी कौली व बेकौली हा भेद किती काळ पाहील? आमचें अनुमान असें कीं, शतकाच्या अखेरीस मालवणचीं गलबतें राज्याचें निशाण लावून बाहेर पडत, पण धनी कोणास धरावें व कोणास सोडावें हें सांगण्याच्या स्थितींत उरला नव्हता. इंग्रजांच्या आरोपांतील सत्यांश एवढाच, पण हा सत्यांश लहान नाहीं.

१८१२ सालीं मराठी राज्यांच्या दक्षिणेकडील तंट्यांचा निकाल करितांना इंग्रजांनीं हा प्रश्नहि हातीं घेतला. १ ऑक्टोबर १८१२ रोजीं करवीरकरांशीं तह झाला. त्यानें मालवण बंदर व त्याबरोबर सिंधुदुर्ग, पद्मगड, राजकोट व सर्जेकोट हीं ठाणीं इंग्रजांस मिळालीं. करवीरच्या बंदरांतून सशस्त्र गलबतें समुद्रावर पाठवूं नयेत, फुटलेल्या जहाजांवरील माल धन्यास परत द्यावा व संकटांत सांपडलेल्या जहाजांस साह्य करावें, अशीं कलमें त्यांत होतीं. उलट परसत्तेपासून राज्याचें रक्षण करण्याची हमी इंग्रजांनीं दिली. त्यानंतर दोनच दिवसांनीं, ३ ऑक्टोबर रोजीं, फोंड सावंतांशीं तह होऊन वेंगुर्लें इंग्रजांकडे गेलें. त्याच वर्षीं कर्नल लायोनेल स्मिथ ह्यानें मालवणचा ताबा घेतला व किनाऱ्यावरील सशस्त्र गलबतांचा बंदोबस्त पुरा केला.

ह्या कलमांकडे नीट पाहिलें असतां दोन गोष्टी दिसतात. तहाचा विषय गलबतें व बंदरें हा आहे. अमुक तांडेलास हवालीं करावें व फांशी द्यावें अशा धर्तीवर त्याची रचना नाहीं. कौटिल्याच्या वचनांत दंड नौकेस होता तसाच येथेंहि दंड नौकेस व तिच्या आश्रयस्थानास झाला. आणि वादळानें आलेल्या नौकेवर अनुग्रह करावा ही जी जुनी आज्ञा, तीच येथें परक्या सत्तेनें आपल्या राजांकडून कलम म्हणून लिहून घेतली.

फांशीऐवजीं तह कां, ह्याचीं कारणें आम्हांस तीन दिसतात. पहिलें, करवीरकर व वाडीकर ह्यांस इंग्रजांनीं १७६६ पासून तह करणाऱ्या सत्ता म्हणून मानिलें होतें. ज्याच्या धन्याशीं आपण तह करितों त्याच्या नोकरास बिनसनदी लुटारू ठरविणें हें आपल्याच लेखणीस बाध आणणें होतें. दुसरें, एकेकट्या खलाशावर साक्षीपुराव्यानें खटला चालविणें हें काम कठिण. आणि दहा खलाशी लटकविले तरी बंदर खुलें असेपर्यंत अकरावा निघणारच. तिसरें, बंदर घेतलें कीं जकात, वखार व किनाऱ्याचा ताबा हीं सर्व हातीं येतात. फांशीनें ह्यांपैकीं कांहींच मिळत नाहीं. तेव्हां ही केवळ दया होती असें समजण्याचें कारण नाहीं. माणसांचे प्राण वांचले. पण त्यांचा धंदा, त्यांचें बंदर आणि शिवछत्रपतींच्या वेळेपासून चालत आलेलें करवीरकरांचें समुद्रावरील स्थान हीं कायमचीं गेलीं. ह्या बदल्याचा हिशेब इतिहासकारानें दोन्ही बाजूंनीं मांडला पाहिजे.

[६] त्याच वर्षांतील मुंबईचें न्यायासन

मालवणचें प्रकरण पिकत होतें त्याच वर्षांत मुंबईच्या न्यायासनावर देहान्तदंडाविषयीं एक निराळाच प्रयोग चालला होता. १७९८ त मुंबईस रेकॉर्डरचें न्यायालय स्थापन झालें आणि १८०४ त सर जेम्स मॅकिन्टॉश हे रेकॉर्डर म्हणून आले. मुंबईच्या विद्वत्सभेचे संस्थापक म्हणून आपण त्यांस ओळखतों. पण न्यायाधीश म्हणून त्यांचें काम अधिक मोठें आहे. १८११ च्या जुलैंत निरोप घेतांना पंचांपुढें केलेल्या भाषणांत त्यांनीं आंकडे मांडले. मे १७५६ ते मे १७६३ ह्या सात वर्षांत मुंबईंत देहान्ताच्या शिक्षेस पात्र असे १४१ अपराधी शाबीत झाले व त्यांपैकीं ४७ जण फांशी गेले. मे १८०४ ते मे १८११ ह्या त्यांच्या सात वर्षांत असे १०९ अपराधी शाबीत झाले, आणि फांशी एकहि गेला नाहीं. मधल्या काळांत मुंबईची वस्ती दुपटीहून अधिक झाली होती. म्हणजे फांस बंद ठेवूनहि अपराध वाढले नाहींत, उलट वस्तीच्या मानानें कमी झाले. पुढें इंग्लंडास परत गेल्यावर पार्लमेंटांत फौजदारी कायद्याची कठोरता कमी करण्यासाठीं ते झटले, त्यांत मुंबईचा हा अनुभव त्यांच्या गांठीं होता.

मॅकिन्टॉश साहेबांच्या ह्या धोरणामुळें १८१२ चा तह झाला असें म्हणणें चुकीचें होईल. त्या आधींच ते मुंबई सोडून गेले होते, आणि तह हा राजकारणाचा विषय होता. परंतु फांशी हाच अपराध थांबविण्याचा एकमेव उपाय होय, ही समजूत त्या काळीं मुंबईंतच खोटी ठरली होती, हें सांगितल्यावांचून ह्या विषयाचें चित्र पुरें होत नाहीं.

[७] रास-अल-खैमाचा तह, १८२०

चांचेगिरी आणि देहान्तदंड ह्यांची स्पष्ट शब्दांत सांगड घालणारा एक तह मात्र मुंबईकरांनींच केला. तो कोंकणांत नव्हे, इराणच्या आखातांत. तेथील कासिमी अरबांच्या गलबतांनीं व्यापारी जहाजांवर हल्ले केल्याच्या तक्रारी होत्या. १८०९ त एक मोहीम झाली. १८१९ च्या अखेरीस सर विल्यम ग्रँट केर ह्यांच्या हाताखालीं मुंबईहून दुसरी मोठी मोहीम गेली व रास-अल-खैमा घेतलें गेलें. जानेवारी १८२० पासून तेथील शेखांनीं एकामागून एक ज्यावर सह्या केल्या त्या तहांत असें ठरलें कीं, उघड जाहीर केलेल्या युद्धावांचून लूट करणारा मनुष्य हा सर्व मनुष्यजातीचा शत्रु समजला जाईल व त्याचे प्राण आणि धन दोन्ही जप्तीस पात्र होतील. नारदाचे वध व सर्वस्वहरण हे दोन दंड येथें एकत्र आलेले वाचकांस दिसतील.

पण त्याच तहांत 'युद्ध' म्हणजे काय तेंहि सांगितलें आहे: एका सरकारानें दुसऱ्या सरकाराविरुद्ध जाहीर करून चालविलेलें तें युद्ध. आणि पुढें असेंहि ठरलें कीं, प्रत्येक गलबतानें आपल्या शेखाची सही असलेला कागद जवळ बाळगावा. त्यांत गलबताचें नांव, लांबी, रुंदी व भार लिहिलेला असावा. बंदर सोडतांना मालक, नाखवा, माणसें व हत्यारें ह्यांची नोंद असावी. आणि तपासणाऱ्या जहाजास तो दाखवावा. हें दस्तकच नव्हे काय? शंभर वर्षांपूर्वीं आंग्र्यांनीं मागितलें तेव्हां जो जुलूम ठरला, तोच कागद इंग्रजांनीं मागितला तेव्हां शांततेचें साधन झाला. आंग्र्यांची मागणी सर्वथा न्याय्य होती किंवा इंग्रजांची अन्याय्य होती असें आमचें म्हणणें नाहीं. समुद्र सुरक्षित राहावा म्हणून कोणाचा तरी कागद लागतोच. कोणाचा चालावा हें त्या काळीं तोफांनीं ठरत असे. कासिमींस चांचे म्हणावें कीं नाहीं ह्याविषयीं अर्वाचीन इतिहासकारांत मतभेद आहे. शारजाचे अमीर सुलतान बिन मुहम्मद अल-कासिमी ह्यांनीं १९८६ त ह्या आरोपाचें खंडन करणारा ग्रंथच लिहिला आहे.

[८] उपसंहार

इंग्लंडांत १८३७ त कायदा बदलला. तेव्हांपासून चांचेगिरी करितांना खुनाच्या हेतूनें हल्ला केला किंवा कोणाचा जीव धोक्यांत घातला तरच फांशी, नाहीं तर हद्दपारी किंवा कैद असें ठरलें. उरलेला तो देहान्तदंडहि १९९८ त पुस्तकांतून गेला. आपल्याकडील गोष्ट उलट क्रमानें घडली. १८६० च्या दंडसंहितेंत दरवड्याचीं कलमें होतीं, पण चांचेगिरी ह्या नांवाचा स्वतंत्र अपराध नव्हता. १९९९ त 'अलोंड्रा रेनबो' हें जपानी मालकीचें जहाज पळविणारे पंधरा इंडोनेशियन आपल्या नौदलानें व तटरक्षकदलानें पकडून मुंबईस आणिले. २००३ त त्यांस सात वर्षांची शिक्षा झाली व २००५ त उच्च न्यायालयानें ते सुटले. ही उणीव भरून काढण्यासाठीं डिसेंबर २०२२ मध्यें संसदेनें सागरी चांचेगिरीविरोधी कायदा संमत केला. त्यांत सामान्यतः आजन्म कारावासापर्यंत शिक्षा असून, कृत्यांत मृत्यु घडविल्यास देहान्तदंडहि देतां येतो. मार्च २०२४ मध्यें 'आयएनएस कोलकाता' ह्या युद्धनौकेनें 'रुएन' जहाजावरून पकडलेले पस्तीस सोमाली मुंबईंत पोलिसांच्या स्वाधीन केले गेले. म्हणजे दोनशें वर्षांपूर्वीं ज्या बंदरांतून दुसऱ्यांस चांचे ठरविलें जाई, त्याच बंदरांत आतां आपलें स्वतःचें न्यायासन हा शब्द उच्चारतें.

हा अधिकार हातीं आल्यावर तर तो शब्द अधिक जपून वापरला पाहिजे. म्हणून आरमाराच्या इतिहासावर काम करणाऱ्या तरुण संशोधकांस आमची सूचना अशी आहे कीं, जुन्या कागदांत 'पायरेट' किंवा 'चांचे' हा शब्द आला कीं तो तसाच उचलूं नये व रागानें खोडूंहि नये. त्याच्यापुढें चार प्रश्न लिहावे: धरणाऱ्याजवळ कोणाची सनद होती, धरलेल्या गलबताजवळ कोणाचा कौल होता, त्या वेळीं त्या दोन सत्तांमध्यें तह होता कीं युद्ध, आणि धरलेल्या माणसांचें पुढें काय झालें. पहिल्या तीन प्रश्नांचीं उत्तरें दरबारी दप्तरांत मिळतात. चौथ्याचें उत्तर बहुधा मिळत नाहीं, कारण तो तांडेल किंवा खलाशी कोणत्याहि तहाचा पक्षकार नव्हता. त्याच्यासाठींच हा प्रश्न विचारावयाचा. किडचे परवाने सुमारें दोनशें वर्षांनीं दप्तरांत सांपडले. आपल्या किनाऱ्यावरील घराण्यांच्या रुमालांत अशीं किती दस्तकें व कौलनामे कसरीच्या तोंडीं पडत असतील; तीं वेळीं बाहेर आलीं तर पुष्कळांच्या नांवापुढील निर्णय पुन्हा तपासावे लागतील.